आधी बोअर, मग टक्के: कोपरीतल्या एका पुनर्विकासाचे पहिले महिने

ठाणे पूर्वेला कोपरीत, खाडीपासून चालत पाच-सात मिनिटांवर, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेली एक सोसायटी आहे. तळमजला अधिक तीन मजले, दोन विंग, ३२ सदनिका, लिफ्ट नाही. पुनर्विकासाला निघालेल्या अशा इमारती ठाण्यात गल्लोगल्ली आहेत. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण नकाशावर पहिली रेघ पडण्याआधीचे जे महिने असतात, त्या महिन्यांत या सभासदांनी निर्णयांचा क्रम बदलला. तो कसा बदलला, त्यासाठी किती वाद झाले आणि हातात काय आलं, हे इतर सोसायट्यांच्या उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. मी सोसायटीच्या बाजूने स्थापत्य सल्लागार म्हणून काम पाहत होतो. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि आकडे थोडे गोल केले आहेत, हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

टेबलावरच्या तीन ऑफर

मला बोलावलं तेव्हा तीन विकासकांचे प्रस्ताव कमिटीकडे येऊन पडले होते. एकाने सध्याच्या कारपेटवर (घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रावर) ४२ टक्के जादा क्षेत्र देऊ केलं होतं, दुसऱ्याने ४५, तिसऱ्याने ५०. सोसायटीच्या सचिव ताई बँकेत काम करतात. त्यांनी तिन्ही ऑफरींचा तक्ता केला होता: जादा क्षेत्र, कॉर्पस (विकासकाने द्यायचा एकरकमी निधी), दरमहा भाडं, मुदत, टाइल्स, किचनचा ओटा, खिडक्यांचं सेक्शन. तक्ता नेटका होता. पण त्यात जमिनीबद्दल एकच ओळ होती, ‘प्लॉट १,५०० चौ.मी., ४० फुटी रस्ता’. तिन्ही प्रस्तावांत ती सारखीच होती, कारण ती माहिती सोसायटीनेच तिघांना दिली होती. क्षेत्रफळ जुन्या करारनाम्यातून घेतलेलं, आणि रस्त्याला सगळे पहिल्यापासून ‘चाळीस फुटी’च म्हणत आलेले.

दोन गोष्टी सोसायटीच्या पथ्यावर होत्या. मानीव अभिहस्तांतरण आधीच झालेलं होतं, म्हणजे जमीन कागदोपत्री सोसायटीच्या नावावर होती. ज्यांचं हे झालेलं नाही त्यांनी बाकी सगळं बाजूला ठेवून आधी तेच करावं, कारण त्याशिवायची प्रत्येक ऑफर दुसऱ्याच्या जमिनीवरची आहे. दुसरी गोष्ट, संरचनात्मक तपासणीत इमारत सी-२बी गटात आली होती. घरं रिकामी न करता दुरुस्ती शक्य आहे, असा त्याचा अर्थ. सी-१, म्हणजे राहायला धोकादायक, आली असती तर नोटीस, टेकू, घाईघाईने भाड्याची घरं, आणि अशा धावपळीत समोर येईल त्या कागदावर सह्या, असं झालं असतं. इथे काही महिने थांबायची मोकळीक होती. ती मोकळीक वापरायची की नाही, हा खरा पहिला निर्णय होता.

पुनर्विकासासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय आहे. त्यातला क्रम स्पष्ट आहे. आधी विशेष सर्वसाधारण सभा, मग वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराची नेमणूक, त्याच्याकडून व्यवहार्यता अहवाल, त्यावर सभासदांच्या सूचना, आणि त्यानंतर निविदा. इथे निविदेच्या आधीचं जवळपास सगळंच राहिलं होतं. ओळखीतून ऑफरी आल्या, त्यांच्या टक्क्यांची चर्चा जिन्यात सुरू झाली, आणि बघता बघता ‘पन्नास टक्के’ हा आकडा लोकांच्या डोक्यात घट्ट बसला. एकदा असा आकडा बसला की पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं. तो गाठण्यासाठी मजले वाढतात, जिने अरुंद होतात, गाड्या तळघरात जातात. जमीन काय देऊ शकते हा प्रश्न शेवटी विचारला जातो, तोवर बऱ्याच सह्या होऊन गेलेल्या असतात.

रस्ता किती रुंद

मी कमिटीला पहिली विनंती केली ती मोजणीची. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज टाकला आणि तोवर खासगी सर्वेअरकडून टोटल स्टेशन या यंत्राने जागेचं मोजमाप करून घेतलं. मालमत्ता पत्रक काढलं, महापालिकेकडून विकास आराखड्याचा अभिप्राय घेतला.

करारनाम्यात १,५०० चौरस मीटर, मालमत्ता पत्रकावर १,४६२ आणि जागेवर, कुंपणाच्या आत, १,४३८. शेवटचा फरक मागच्या बाजूला होता. शेजारच्या इमारतीची कंपाउंड भिंत लांबीभर थोडी आत आलेली होती. भिंत कधी बांधली हे कोणालाच सांगता येईना. चटई क्षेत्राचा, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याचा, हिशेब करताना यातलं सगळ्यात कमी क्षेत्र धरणंच शहाणपणाचं असतं.

रस्ता निघाला ११ मीटरचा. मंजूर रेखांकनातही तेवढाच. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर, हा रस्ता ३६ फुटांच्या आसपास भरतो. चालणाऱ्याला हा फरक जाणवणारही नाही. पण ठाण्याला २०२० च्या डिसेंबरपासून लागू असलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत रस्त्याच्या रुंदीवर बरंच काही अवलंबून आहे. या प्लॉटला लागू असलेल्या तक्त्यात मूळ निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१ आणि प्रीमियम भरून मिळणारा ०.५ हे ११ आणि १२ मीटरच्या दोन्ही रस्त्यांना सारखेच आहेत. फरक टीडीआरमध्ये, म्हणजे बाहेरून विकत घेऊन वापरायच्या विकास हक्कांमध्ये, पडतो. रस्ता ९ ते १२ मीटरच्या मधला असेल तर टीडीआर ०.४, म्हणजे एकूण २.००. रस्ता १२ मीटरपासून सुरू होणाऱ्या पुढच्या गटात असेल तर टीडीआर ०.६५ आणि एकूण २.२५. निवासी इमारतीला त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळतं.

आता दोन्ही हिशेब शेजारी ठेवू. प्रस्तावांत गृहीत धरल्याप्रमाणे १,५०० गुणिले २.२५ म्हणजे ३,३७५, आणि पूरक धरून ५,४०० चौरस मीटर. मोजणीप्रमाणे १,४३८ गुणिले २.०० म्हणजे २,८७६, पूरक धरून सुमारे ४,६०२. फरक ७९८ चौरस मीटरचा, म्हणजे जवळपास ८,५९० चौरस फूट. जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाला मिळणारं प्रोत्साहनपर क्षेत्र यात धरलेलं नाही. ते दोन्हीकडे सारखंच आलं असतं.

याचा सभासदांच्या टक्क्यांशी संबंध असा. सध्याचं सरासरी कारपेट ४८० चौरस फूट, बत्तीस घरांचं मिळून १५,३६०. ४५ टक्के जादा दिले तर सभासदांना २२,२७२ लागतात. बांधीव क्षेत्राच्या पाऊण भाग कारपेट निघतं असं ढोबळमानाने धरलं, तर गृहीत हिशेबात विकासकाला विक्रीसाठी २१,३०० चौरस फूट उरत होते. मोजणीनंतर उरतात १४,९०० च्या आसपास. विक्रीचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. ज्या पैशांतून बत्तीस घरं फुकट बांधून मिळायची, भाडं मिळायचं, कॉर्पस मिळायचा, तो पैसाच तेवढा आटला.

हा हिशेब कमिटीसमोर ठेवला तेव्हा अध्यक्षांनी पहिलं विचारलं, “रस्ता रुंद करून घेता येणार नाही का?” प्रश्न रास्त होता. पण रस्त्याची नियमित रेषा ठरवून रुंदीकरण करणं हा महापालिकेचा निर्णय असतो. दोन्ही बाजूंच्या सगळ्याच इमारतींचा त्यात प्रश्न येतो. तो कधीतरी होईल या भरवशावर आज कोणाला टक्के कबूल करणं योग्य नव्हतं.

एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे. तिन्ही विकासकांपैकी कोणी फसवत होतं असं मला वाटत नाही. सोसायटीने दिलेले आकडे त्यांनी वापरले होते. पुढे त्यांनी मोजणी केलीच असती, आणि तेव्हा ५० टक्क्यांचे ३५ झाले असते. मात्र तोवर विकास करारनामा झालेला असता आणि काही घरं रिकामीही झाली असती. तेव्हा घासाघीस करायला सोसायटीच्या हातात काहीच उरलं नसतं.

खर्च कोणी करायचा

मोजणीचे आकडे आल्यावर मी सभेपुढे पुढची यादी ठेवली: मातीपरीक्षण (जमिनीत बोअर घेऊन), मालकी हक्काचा शोध अहवाल, शेजारच्या इमारतींची पाहणी, नाल्यांची आणि पाण्याच्या पातळीची नोंद, आणि वास्तुविशारदाकडून व्यवहार्यता अहवाल. सगळ्याचा अंदाजे खर्च सहा लाख. त्यात मातीपरीक्षणाचे दोन.

त्या सभेत आवाज चढले. वागळे इस्टेटच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका उभे राहिले. “साहेब, बोअरिंग बिल्डर करतोच ना? मग ते आम्ही का करायचं? घरटी पावणेएकोणीस हजार होतात.” त्यांचं गणित बरोबर होतं. घोडबंदर रोडला राहायला गेलेले आणि इथलं घर भाड्याने दिलेले एक सभासद ऑनलाइन होते. त्यांना उशीर नको होता. तळमजल्यावरच्या एक आजी मात्र म्हणाल्या, “घर घेताना आपण गळतं का ते बघतो की नाही? मग आता जमीन बघायला काय हरकत आहे?”

काकांच्या प्रश्नाला मी जे उत्तर दिलं ते इथे जरा विस्ताराने लिहितो, कारण हा प्रश्न प्रत्येक सोसायटीत येतो. बिल्डर बोअरिंग करतो हे खरं. पण तो ते करारनाम्यानंतर, स्वतःच्या डिझाइनसाठी करतो. त्याचा अहवाल त्याच्याकडे राहतो. जमिनीत काही वाईट निघालं तर त्याची किंमत वसूल करायचे मार्ग त्याच्याकडे असतात, मुदतवाढ मागणं, पार्किंगची रचना बदलणं, सभासदांना द्यायच्या सोयींत काटछाट करणं. सोसायटीला मात्र हे सगळं नंतर कळतं. ज्याला त्या जागेत पुढची पन्नास वर्षं राहायचंय त्याच्या कपाटात त्या जमिनीची माहिती असलीच पाहिजे. आणि एकच अहवाल सगळ्या इच्छुकांना दिला की सगळ्यांच्या ऑफरी एकाच पायावर येतात. एरवी एकाने खडक आठ मीटरवर धरलेला असतो, दुसऱ्याने अठरावर, आणि आपण दोघांच्या टक्क्यांची तुलना करत बसतो.

बांधकाम व्यवस्थापनात एक आलेख बराच प्रसिद्ध आहे. अमेरिकेतले बॉइड पॉलसन यांनी तो १९७६ साली मांडला. प्रकल्पाच्या सुरुवातीला निर्णयांचा खर्चावरचा प्रभाव सगळ्यात जास्त असतो आणि प्रत्यक्ष खर्च सगळ्यात कमी झालेला असतो. काम पुढे सरकतं तसा प्रभाव घटत जातो आणि खर्च चढत जातो. मी तो फळ्यावर काढून दाखवला. पण खरं सांगायचं तर सभासदांना आलेखाने पटलं नाही, ८,५९० चौरस फुटांनी पटलं. मोजणीला झालेला खर्च आणि त्याने उघडं पाडलेलं नुकसान दोन्ही समोर होतं.

ठराव मंजूर झाला, विरोधात सात मतं पडली. पैसे सिंकिंग फंडातून (सोसायटीने मोठ्या कामांसाठी साठवलेल्या निधीतून) घ्यायचे आणि विकासक नेमल्यावर हा खर्च करारनाम्यात त्याच्याकडून भरून घ्यायचा, असंही त्यातच लिहिलं. काकांनी विरोधात मत दिलं, आणि नंतर बोअरच्या कामावर रोज येऊन बसलेही तेच.

जमिनीखाली

पाच बोअर घेतले, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. आयएस १८९२ या मानकात भूगर्भ तपासणीची पद्धत दिलेली आहे. किती बोअर, किती खोल, हे इमारतीच्या आकारावर आणि जमिनीच्या स्वभावावर ठरतं. लोक राहत असलेल्या आवारात ट्रायपॉड उभा करायचा, पाण्याची सोय करायची, मुलांना लांब ठेवायचं, हे सगळं सांभाळून काम झालं.

दर दीड मीटरला मानक भेदन चाचणी घेतली. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून सोडायचा, नळी पहिले १५ सेंटिमीटर बसू द्यायची, आणि पुढच्या ३० सेंटिमीटरला किती ठोके लागतात ते मोजायचं. हा आकडा म्हणजे त्या थराची ‘एन’ किंमत. काका ठोके मोठ्याने मोजत. वरचा पावणेदोन-दोन मीटर भराव होता, विटांचे तुकडे आणि राबिट. त्याखाली खाडीची काळपट चिकणमाती. तिथे ठोके पडायचे दोन, तीन, फार तर चार. एका ठिकाणी तर हातोड्याच्या नुसत्या वजनानेच नळी खाली गेली. तेव्हा काका मोजायचे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

ही मऊ माती सात ते आठ मीटरपर्यंत होती. त्याखाली पिवळसर घट्ट माती आणि मुरूम, मग जीर्ण झालेला खडक, आणि शेवटी पक्का बेसॉल्ट. पक्का खडक रस्त्याच्या बाजूच्या एका कोपऱ्यात ११ मीटरवर लागला आणि खाडीच्या बाजूला १६ मीटरवर. चाळीस मीटर लांबीच्या प्लॉटमध्ये पाच मीटरचा उतार. म्हणजे पाइल (खडकापर्यंत नेलेले पायाचे खांब) लागणार हे नक्की, आणि सगळे पाइल एका लांबीचे असणार नाहीत हेही नक्की. पाच बोअरऐवजी एकच बोअर रस्त्याच्या कडेला घेतला असता, तर सगळ्यांनी ११ मीटर धरून अंदाज केला असता.

पाण्याची पातळी हा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा भाग होता. बोअर पूर्ण झाल्यावर लगेच मोजलेली पातळी फारशी भरवशाची नसते, कारण बोअर करताना आपणच पाणी सोडलेलं असतं. म्हणून दोन बोअरमध्ये छिद्रं पाडलेली प्लास्टिकची नळी, भोवती वाळूचा गाळणी-थर, अशी व्यवस्था करून त्या तशाच ठेवल्या. मे महिन्यात पाणी जमिनीखाली १.६ मीटरवर होतं. पुढे सचिव ताईंनी आणि तळमजल्यावरच्या आजींच्या नातवाने दर आठवड्याला टेप सोडून नोंदी घेतल्या. नारळी पौर्णिमेच्या सुमारास, उधाणाची भरती आणि वर पाऊस, पातळी ०.६ मीटरवर आली. आवारातली गटारं त्या दिवशी भरतीच्या वेळी वाहायची थांबून उलटी भरत होती, हेही नोंदवलं. चेंदणी कोळीवाड्यातल्या कोणालाही विचारलं असतं तर त्याने हे सांगितलंच असतं. तरी वहीत आकडा असला की डिझाइन करणाऱ्याला तो टाळता येत नाही.

२६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं, हे जुन्या रहिवाशांनी मीटर रूमच्या भिंतीवर दाखवलं. तीन घरांनी स्वतंत्रपणे दाखवलेली उंची बोटभर अंतरात जुळली. नव्या इमारतीचा जोता, मीटर रूम, पंप आणि महावितरणच्या रोहित्राची जागा त्या रेषेच्या वर ठेवायची, हे तिथेच ठरलं. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचं तोंडसुद्धा.

त्यात एक बारीक गोष्ट होती. जोता उंच करायचा म्हणजे सगळ्या आवारात जवळपास मीटरभर भराव पडणार. मऊ चिकणमातीवर नवा भराव टाकला की ती वर्षानुवर्षं हळूहळू बसत राहते, आणि बसताना पाइलला धरून खाली ओढते. हे ओझं पाइलच्या डिझाइनमध्ये आधीच धरावं लागतं. जोत्याची उंची वास्तुविशारद ठरवतो, पाइल संरचना अभियंता ठरवतो. दोघांची गाठ उशिरा पडली तर हे ओझं मधल्यामध्ये निसटतं.

गाड्या कुठे ठेवायच्या

५० टक्केवाल्या प्रस्तावात दोन तळघरं होती. चित्र देखणं होतं, गाड्या जमिनीखाली, वर बाग आणि ज्येष्ठांसाठी बाकडी. सभासदांना ते फार आवडलं होतं, आणि का आवडू नये? चाळीस वर्षं ज्यांनी मुलांना गाड्यांच्या फटीतून खेळताना पाहिलंय त्यांना बाग हवीच असणार.

अहवाल आल्यावर आम्ही तळघराचा प्रश्न वेगळ्या सभेत घेतला. दोन तळघरं आणि खालचा राफ्ट (पायाची सलग जाड स्लॅब) मिळून साडेसात मीटर खोदाई. पाणी ०.६ मीटरवर असेल तर तळाशी जवळजवळ सात मीटर पाण्याचा दाब, म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे सात टन वरच्या दिशेने. मधल्या भागावर इमारतीचं वजन आहे, ते दाब झेलेल. कडेच्या भागावर फक्त बाग. तिथे तळघर उचललं जाऊ नये म्हणून जाड राफ्ट किंवा खडकात रोवलेले अँकर लागतील. खोदाई चालू असताना सतत पाणी उपसावं लागेल. मऊ चिकणमातीतलं पाणी काढलं की ती आकसते, आणि मागची शेजारची इमारत, जिचा पाया उथळ आहे, ती आपल्या हद्दीपासून तीन मीटरवर उभी आहे. तिला तडे गेले तर काम बंद पडेल. आणि आपल्या खोदकामाने तिथल्या कुटुंबांना काय भोगावं लागेल, याचा विचार तर आधी करायला हवा.

रॅम्पचाही प्रश्न होता. १:१० उतार धरला तर ३.३ मीटर खाली जायला ३३ मीटर लांबी लागते. प्लॉट ३६ बाय ४०. इमारतीभोवती अग्निशमनाच्या गाडीसाठी ६ मीटर मोकळी वाट ठेवायची. रॅम्प, वळणं आणि ही वाट एकत्र बसवली की बागेला जागा उरत नव्हती. वास्तुविशारदाने हे सभेसमोरच कागदावर आखून दाखवलं. ज्या बागेसाठी तळघर हवं होतं ती बाग रॅम्पने खाल्ली हे दिसल्यावर तळघराचा विषय आपोआप संपला.

पर्याय म्हणून स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळमजला) आणि त्यावर पार्किंगचे दोन पोडियम मजले ठरले. यांत्रिक टॉवर पार्किंगवरही बोललो. जागा कमी लागते, पण वीज, देखभाल आणि बिघाड झाला की अडकलेल्या गाड्या. मासिक खर्च मांडल्यावर लोकांनी नकार दिला. बाग पोडियमच्या माथ्यावर गेली. ज्येष्ठांना लिफ्टने तिथे जावं लागेल, ही त्यातली उणीव आहेच.

त्या सभेचा सगळ्यात जास्त वेळ तरीही टाइल्स आणि मॉड्युलर किचनवर गेला. लोकांना ज्याची कल्पना करता येते त्यावर ते बोलतात, हे स्वाभाविक आहे. पण मग सल्लागाराने दोन याद्या वेगळ्या करून द्यायला हव्यात. जोत्याची उंची, पार्किंगची रचना, खांबांच्या ओळी, लिफ्टची संख्या आणि जिन्याची जागा एकदा ठरली की बदलता येत नाही. फरशी, नळ, रंग बदलता येतात. आम्ही पहिल्या यादीवर आधी ठराव घेतला, दुसरी यादी विकासक नेमल्यानंतरच्या उपसमितीकडे सोपवली. नवीन घरांची विक्री सुरू झाली की हे आणखी अवघड होतं. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार मंजूर आराखड्यात मोठा बदल करायला दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते.

खाडी जवळ असल्यामुळे सीआरझेडची (किनारा नियमन क्षेत्राची) आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची हद्दही तपासून घेतली. प्लॉट दोन्हींच्या बाहेर निघाला. शोध अहवालातही अडचण नव्हती.

टक्क्यांचं पुढे काय झालं

सगळे अहवाल एकत्र बांधून निविदेच्या कागदपत्रांना जोडले. मोजणीचा नकाशा, बोअरचे लॉग (थरांच्या नोंदी), पाण्याच्या पातळीच्या नोंदी, शेजारच्या इमारतींचे फोटो, आणि सोसायटीने मंजूर केलेली न बदलणारी यादी. इच्छुकांना सांगितलं, याच आकड्यांवर ऑफर द्या.

५० टक्केवाल्यांनी माघार घेतली. उरलेल्या दोघांपैकी एकाने ३२ टक्के दिले, दुसऱ्याने ३५. एक नवीन विकासक ३४ टक्के घेऊन आला. सभेत सन्नाटा होता. ५० ऐकलेल्या माणसाला ३५ पचवणं सोपं नाही. एक वहिनी म्हणाल्या, “आम्ही दोन बेडरूमचा हिशेब केला होता हो.” त्यांचं दुःख खरं होतं, आणि अहवाल दाखवून ते कमी होणार नव्हतं. मी फक्त आकडा पुन्हा मांडला. ३५ टक्क्यांना सभासदांचे २०,७३६ चौरस फूट होतात, विक्रीला साधारण १६,४०० उरतात, आणि प्रोत्साहनपर क्षेत्र धरून प्रकल्प स्वतःच्या पायावर उभा राहतो. ४५ ला तो उभा राहत नव्हता, आणि अर्धवट थांबलेल्या इमारतीचं भाडं कोणी देत नाही. आपल्या ठाण्यातच रिकाम्या केलेल्या प्लॉटभोवती वर्षानुवर्षं पत्रे लागलेले सगळ्यांनी पाहिले आहेत.

३५ टक्क्यांची निवड झाली, निबंधक कार्यालयाच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत आणि चित्रीकरणासह. मुदत ३० ऐवजी ३६ महिने ठरली, कारण पाइलचं काम वेळापत्रकात प्रामाणिकपणे दाखवलं होतं. भाडं पूर्ण ३६ महिन्यांचं, बँक हमीसह. सोसायटीने खर्च केलेले सहा लाख विकासकाने परत द्यायचे हे कलमही आलं. घोडबंदरच्या सभासदांनी शेवटपर्यंत विरोधात मत दिलं. त्यांच्या मते आम्ही जवळजवळ आठ महिने घालवले, आणि त्यांचं म्हणणं पूर्ण चूक नाही. या काळात बांधकामाचे दर वाढले, त्याचा काही भाग ऑफरीत उतरलाच असणार. माझं मत असं की ते आठ महिने करारनाम्यानंतर गेले असते तर भाड्याच्या घरांत गेले असते.

आज विकास करारनामा नोंदवला गेला आहे आणि नकाशे मंजुरीला गेले आहेत. दोन गोष्टी लोंबकळत आहेत. मागच्या भिंतीच्या २४ चौरस मीटरबाबत शेजारच्या सोसायटीशी बोलणी चालू आहेत. कोर्टात जायचं नाही असं कमिटीने ठरवलं आहे. त्यांचीही इमारत तेवढीच जुनी आहे, त्यांनाही लवकरच मोजणी लागणार आहे, तेव्हा दोन्ही सोसायट्यांनी एकत्र अर्ज करावा असा प्रस्ताव आम्ही दिला आहे. दुसरं, पाइलचं काम सुरू होण्याआधी त्यांच्या प्रत्येक घरातल्या भिंतींची पाहणी करून सध्याच्या तड्यांची सह्यांसकट नोंद करायची आहे, आणि पहिल्या काही पाइलवर भार चाचणी घेतल्याशिवाय उरलेल्यांची लांबी अंतिम करायची नाही. ही दोन्ही कलमं करारनाम्यात आहेत. बोअरमधल्या त्या नळ्या काढल्या नाहीत. पावसाळ्यातल्या नोंदी अजून चालू आहेत, आणि विकासकाच्या अभियंत्याने त्या दर महिन्याला मागून घ्यायला सुरुवात केली आहे.